‘सगळ्यांनी चालवलीय’ म्हणजे नेमकी किती जणांनी?

*सर, मी छत्रपती संभाजीनगरमध्ये एका मराठी न्यूज पोर्टलच्या डेस्कवर काम करते. बहुतेक रात्रपाळीच असते. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास एका ज्येष्ठ नेत्याच्या निधनाची बातमी पत्रकारांच्या ग्रुपवर आली. दोन चॅनेलवर पट्टीही सुरू झाली. रुग्णालयाचा फोन लागत नव्हता, स्वीय सहायक उचलत नव्हते. मी थांबले. वीसेक मिनिटांनी त्यांच्या मुलाची पोस्ट आली, तेव्हा बातमी टाकली. बातमी खरी होती, पण तोवर दुसऱ्या पोर्टलच्या लिंक जिल्हाभर फिरून झाल्या होत्या. सकाळच्या मीटिंगमध्ये संपादक सगळ्यांसमोर म्हणाले, “सगळ्यांनी चालवली होती, तू कुणाची वाट बघत होतीस? आपण उद्याचा पेपर काढत नाही.” माझ्या एका सहकाऱ्याने अशीच एक बातमी खात्री न करता टाकली होती. ती खरी निघाली आणि त्याची पाठ थोपटली गेली. आता ब्रेकिंग आलं की माझा हात अडखळतो. माझं चुकलं का? आणि वेग व खातरजमा यातलं एकच मिळणार असेल, तर या कामात राहावं का?*

*— रात्रपाळीवरची उपसंपादक*

बातमी खोटी निघाली असती तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस. ती खरी निघाली म्हणून तुला स्वतःचीच शंका येते आहे. तेव्हा आधी तेच निस्तरू.

23 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठव. विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. त्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी सुटली आणि हिंदी-मराठीतल्या नामवंतांनी श्रद्धांजल्याही वाहून टाकल्या. शेवटी घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की ते हयात आहेत, प्रकृती गंभीर आहे. गोखले गेले ते 26 तारखेला. मग 23 ला बातमी चालवणारे ‘सर्वात आधी’ होते का? दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्या वेळी तर हे अंतर काही तासांचंच होतं. 17 ऑगस्ट 2020 ला ते गेल्याचं सगळीकडे झळकलं, रितेश देशमुख यांनी ते व्हेंटिलेटरवर आहेत, अजून झुंजताहेत असं कळवलं, आणि त्याच दिवशी दुपारी 4 वाजून 24 मिनिटांनी हैदराबादच्या रुग्णालयात ते खरोखर गेले. साडेचारला खरी ठरलेली बातमी त्याआधी खोटीच होती. आणि त्या मधल्या वेळात आयसीयूबाहेर बसलेल्या माणसांना सांत्वनाचे फोन घ्यावे लागले असणार, याचा हिशेब कुठल्याच मीटिंगमध्ये होत नाही.

अमेरिकेत 8 जानेवारी 2011 ला टूसॉन शहरात गॅब्रिएल गिफर्ड्स या तिथल्या संसद सदस्यावर गोळीबार झाला. एनपीआर या प्रतिष्ठित रेडिओने त्या गेल्याचं सांगितलं, पाठोपाठ बाकीच्यांनीही. त्यांचे पती मार्क केली तेव्हा विमानाने त्यांच्याकडेच निघाले होते आणि त्यांना हे कळलं ते विमानातल्या टीव्हीवरून. गिफर्ड्स वाचल्या, आजही आहेत.

तुझ्या सहकाऱ्याचं कौतुक झालं ते त्याच्या अंदाजाचं. अंदाज दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो, म्हणूनच तर त्याची सवय लागते. दहाव्या वेळी मीटिंगमध्ये कौतुक करणारा माणूस विचारतो, “तुला कुणी सांगितलं होतं टाकायला?” हे तुझ्या सहकाऱ्यालाही जमेल तसं सांग. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला जे शिकवलं गेलं तेच तो करतो आहे.

आता संपादकांचं वाक्य घेऊ. ‘सगळ्यांनी चालवली होती.’ मराठी डेस्कवरच्या निम्म्या चुकांचं मूळ या एका वाक्यात आहे, असं माझं मत आहे. 22 एप्रिल 2021 ला शशी थरूर यांनी सुमित्रा महाजन यांच्या निधनाचं ट्विट केलं आणि काही वाहिन्यांनी ते उचललं. सुमित्राताई मूळच्या चिपळूणच्या, इंदूरमधून आठ वेळा निवडून गेलेल्या, लोकसभेच्या माजी अध्यक्ष. म्हणजे चौकशी कुठे करायची हे कुणालाही ठाऊक असावं अशी व्यक्ती. त्या इंदूरमध्येच होत्या आणि जिवंत होत्या. थरूर यांनी ट्विट काढून टाकलं, माफीही मागितली. ताईंचा प्रश्न साधा होता: निदान इंदूरच्या प्रशासनाला तरी कुणी विचारायचं की नाही? त्या रात्री ‘सगळ्यांनी’ चालवलेल्या बातमीचा उगम जवळजवळ एकच होता. वाहिन्यांची संख्या वाढत गेली, माहिती असणाऱ्यांची नाही. तेव्हा कुणी ‘सगळ्यांनी’ म्हणालं की तू मनात एवढंच मोज: यातल्या किती जणांनी स्वतः विचारलंय, आणि ज्याला विचारलं त्याला स्वतःला ते कसं कळलं?

‘दोन सूत्रं असली की झालं’ हा नियमही तुला कुणीतरी सांगेल. चांगला नियम आहे, पण पुरेसा नाही. गिफर्ड्स यांच्या वेळी एनपीआरकडे दोन सूत्रं होती, दोन्ही सरकारी. त्यांपैकी एकालाही प्रत्यक्ष माहिती नव्हती. दोघांनीही ऐकलेलंच सांगितलं.

आणि विचारणाऱ्याने नीट विचारलं नाही तर खुद्द माहीतगारही फसवतो, बिचारा न कळत. फेब्रुवारी 2015 मध्ये एएफपी या वृत्तसंस्थेने फ्रान्सचे बडे उद्योगपती मार्टिन बुइग गेल्याची बातमी दिली. एएफपी म्हणजे जगभरची वृत्तपत्रं जिच्या भरवशावर चालतात अशी संस्था. तिने दुजोरा घेतला होता, एका गावाच्या महापौराकडून. महापौर बरोबरच बोलत होते. मार्टिन नावाचे एक गृहस्थ खरंच वारले होते, ते वेगळे! आपल्याकडे तर ‘अण्णा गेले’, ‘दादा गेले’, ‘पाटील गेले’ यावर अख्खा तालुका हलतो आणि प्रत्येक तालुक्यात अण्णा पाच असतात. म्हणून फोनवर कधी “गेले का हो?” असं विचारू नकोस. समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. “त्यांची प्रकृती आत्ता कशी आहे? आपण कोण बोलताय? आपल्याला हे डॉक्टरांनी सांगितलं की आणखी कुणी?” असं विचार. पूर्ण नाव, गाव, वय समोरच्याकडून येऊ दे, आपण पुरवायचं नाही. रुग्णालयाचं निवेदन, जवळचा नातेवाईक, उपचार करणारे डॉक्टर, नेत्याचा अधिकृत स्वीय सहायक, अपघाती मृत्यू असेल तर पोलीस ठाण्याचा ठाणे अंमलदार: निधनाच्या बातमीला यांच्याशिवाय इतर कुणाचाही दुजोरा हा दुजोरा नव्हे. पक्षाचा जिल्हाध्यक्षसुद्धा नव्हे. त्यालाही ती व्हॉट्सअॅपवरच आलेली असते. नातेवाइकाच्या पोस्टवर भरवसा ठेवतानाही ते खातं त्याचंच आहे का, जुन्या पोस्ट कशा आहेत, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

इथवर मी तुझ्या बाजूने बोललो. आता तुझ्या संपादकांच्या बाजूने थोडं.

ती वीस मिनिटं तुझ्या पोर्टलवर काहीच नव्हतं. वाचक ग्रुपवरची बातमी पाहून खरं काय ते बघायला तुझ्याकडे आला असेल, तर त्याला कोरं पान मिळालं. हे मला पटत नाही. नेते रुग्णालयात दाखल आहेत हे आधीच अधिकृतपणे माहीत असणार. मग ‘अमुक यांच्यावर रुग्णालयात उपचार सुरू होते, रात्री 11.40 पर्यंत रुग्णालय किंवा कुटुंबीयांकडून निवेदन नाही’ एवढी दोन ओळींची बातमी 11.40 ला का गेली नाही? जेवढं माहीत आहे तेवढं, ते कुणी सांगितलं त्याच्यासह, आणि किती वाजता. एवढं लिहायला दुजोऱ्याची वाट पाहावी लागत नाही. तू थांबलीस ते योग्य. गप्प बसलीस ते नाही. संपादकांना कदाचित हेच म्हणायचं असेल, त्यांना नीट म्हणता आलं नाही.

फक्त त्या दोन ओळींत चोरवाट काढू नकोस. ‘निधनाची चर्चा’, ‘निधनाच्या वृत्ताने खळबळ’, किंवा शीर्षकात ‘निधन?’ असं प्रश्नचिन्ह. आपल्या धंद्याने प्रश्नचिन्ह लावून किती माणसं मारली असतील कोण जाणे! वाचकाच्या डोळ्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही, निधन दिसतं. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हेही तसंच. सूत्र म्हणजे ज्याचं नाव तुला माहीत आहे पण काही कारणाने छापता येत नाही असा माणूस. ग्रुपवरचा मेसेज हे सूत्र नाही.

कुणाच्या नावाने सांगितलं याचं मोल महाराष्ट्राने एका सकाळी फार झगझगीत पाहिलं आहे. 22 नोव्हेंबर 2019 च्या संध्याकाळी शरद पवार बैठकीतून बाहेर आले आणि म्हणाले की सरकारचं नेतृत्व उद्धव ठाकरे यांनी करावं यावर एकमत झालं आहे. दुसऱ्या दिवशीचे अंक त्याच बातमीने निघाले. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि वाचकाच्या हातात अंक असतानाच राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. ज्या अंकांनी ‘उद्धव यांच्या नावावर एकमत: पवार’ असं लावलं होतं त्यांची बातमी सकाळी आठ वाजताही जशीच्या तशी खरी होती. पवार तसं म्हणालेच होते. ज्यांनी ‘उद्धव मुख्यमंत्री’ असं ठोकून दिलं, ते पाच दिवस चूक होते आणि 28 तारखेला, शिवतीर्थावरच्या शपथविधीनंतर, बरोबर झाले! दोघांनाही छपाईला तेवढाच वेळ मिळाला होता. फरक एका नावाचा होता.

निकालांच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयात शिवसेनेच्या प्रकरणाचा निकाल वाचला जात होता. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं, भरत गोगावले यांची प्रतोदपदी नेमणूक बेकायदा. इथपर्यंत ऐकणाऱ्याला शिंदे सरकार गेलंच असं वाटलं असतं. पुढे आलं की ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनी स्थिती परत आणता येणार नाही. त्या दिवशी दोन्ही गटांनी विजय साजरा केला. अशा वेळी वाचन पूर्ण होईपर्यंत ‘न्यायालयाने अमुक मुद्द्यावर असं म्हटलं, वाचन सुरू आहे’ एवढंच जाऊ दे.

सगळ्याच बातम्यांना एका मापाने मोजू नकोस, हेही सांगतो. नेत्याचं निधन वीस मिनिटांत शिळं होत नाही. जायकवाडीतून पाणी सोडलं तर मात्र पैठणच्या खालच्या गावांना प्रत्येक मिनिट लागतं. रासायनिक कारखान्यातली गळती, बंद झालेला घाट, रद्द झालेल्या गाड्या, शाळांची सुट्टी, इथे उशीर हाच अपराध. आणि गंमत म्हणजे नेमक्या याच बातम्यांत डेस्क आळशी असतो, कारण त्यांना ‘ट्रॅफिक’ नसतं. पण इथेही जुना क्युसेकचा आकडा, मागच्या वर्षीचं सुट्टीचं परिपत्रक दर पावसाळ्यात नव्याने फिरतं. परिपत्रकावरची तारीख आणि सही पाहा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला 1077 वर फोन लाव. हा फोन बहुधा उचलला जातो. विसर्गाच्या आकड्याला वेळ जोडल्याशिवाय तो लावूच नये. ‘35 हजार क्युसेक’ म्हणजे कधीचे? दोन तासांपूर्वीचे असतील तर नदीकाठच्या माणसासाठी ते धोक्याचं आहे.

मृतांच्या आकड्यांनाही वेळ जोडावी लागते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नाही, यंत्रं नेता येत नव्हती, आणि आकडा तासातासाने बदलत होता. 23 जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते. म्हणजे ‘नेमके किती गेले’ याचं एका आकड्यातलं उत्तर चार दिवसांनीही नव्हतं. पहिल्या सकाळी जो ‘शंभर ठार’ लिहितो त्याला हे कुठून कळलेलं असतं?

युद्धाच्या काळात काय होतं ते तू मे 2025 मध्ये डेस्कवर असशील तर पाहिलंच असशील. 8 मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं आपल्याच वाहिन्यांनी सांगून टाकलं, सकाळी बंदर जागेवर होतं. त्याहून वाईट म्हणजे पूंछमध्ये तोफमाऱ्यात मारल्या गेलेल्या एका मदरशातल्या शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. कराची बंदराला बदनामीचं दुःख नसतं, त्या घराला असतं.

संपादकांना यातलं काय सांगायचं? नीतिमत्तेवर व्याख्यान देऊ नकोस, ते त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त दिलेलं असतं. पुण्याचा एक खटला सांग. 10 सप्टेंबर 2008 ला टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायाधीशाच्या जागी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. नावातल्या साम्याचा घोळ. साधारण पंधरा सेकंद. सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष, म्हणजे चुकीसाठी याहून अवघड माणूस सापडला नसता. पुण्याच्या न्यायालयाने 2011 मध्ये 100 कोटींची भरपाई ठोठावली. अपील ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाने 20 कोटी रोख आणि 80 कोटींची बँक हमी मागितली, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रक्कम अवाजवी होती असं मलाही वाटतं. पण तुमच्या पोर्टलला 100 कोटींच्या शंभराव्या हिश्शानेही धाप लागेल, आणि हे संपादकांना लगेच समजेल.

आणि ‘चालव, चुकलं तर काढू’ असं कुणी म्हणालं तर तांत्रिक बाजू दाखव. बातमी काढली तरी लिंकमध्ये ‘निधन’ हा शब्द तसाच राहतो. पुश नोटिफिकेशन वाचकाच्या मोबाइलवर पोचलं की परत येत नाही. स्क्रीनशॉटवर तुमच्या लोगोसकट ते वर्षानुवर्षं फिरतं. चूक झालीच तर गुपचूप काढून टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याच लिंकवर, वरच, काय चुकलं होतं ते लिहून दुरुस्ती द्यावी, आणि चुकीचं नोटिफिकेशन गेलं असेल तर दुरुस्तीचंही जावं.

मीटिंगमध्ये वाद घालू नकोस. दुपारी केबिनमध्ये जा आणि लेखी नियम माग, एका पानाचा. निधनाची बातमी कुणाच्या दुजोऱ्यावर जाईल, रात्री शेवटचा होकार कुणाचा, तो माणूस फोन उचलणार का. बलात्कारपीडितेची ओळख, अल्पवयीन मुलांची नावं, यात घाई झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आणि पोक्सोचं कलम 23 लागतं, तेही त्या पानावर असू दे. नियम लेखी झाला की ‘तू कुणाची वाट बघत होतीस’ या प्रश्नाला कागदच उत्तर देतो.

त्या बदल्यात त्यांना वेग दे, खराखुरा. मराठवाड्यातल्या पंचवीस-तीस ज्येष्ठांची यादी कर: नेते, कीर्तनकार, लेखक, साखर कारखान्यांचे जुने अध्यक्ष. प्रत्येकाचा जीवनपट, तारखा, छायाचित्रं, दोन-तीन जुन्या मुलाखतींतली वाक्यं असा मजकूर तयार ठेव. सोबत घरच्या दोघांचे, रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचे, स्वीय सहायकांचे नंबर. दिवाळीला, वाढदिवसाला एखादा फोन करून ठेव, म्हणजे रात्री बारा वाजता तुझं नाव पाहून ते उचलतील. त्या रात्री तुझ्याकडे हे असतं, तर मुलाची पोस्ट आल्यावर दुसऱ्या मिनिटाला तुमच्याकडे हजार शब्दांची बातमी असती आणि ‘आधी’ टाकणाऱ्यांकडे साठ शब्दांची. मजकूर तयार ठेवायचा तो मात्र पोर्टलच्या यंत्रणेबाहेर. नोव्हेंबर 2020 मध्ये फ्रान्सच्या आरएफआय रेडिओने वेबसाइट बदलताना शंभराच्या आसपास तयार मृत्युलेख एका झटक्यात प्रसिद्ध केले, त्यात पेले होते, क्लिंट ईस्टवूड होते आणि इंग्लंडची तेव्हाची राणी एलिझाबेथही होती. तिघंही तेव्हा हयात.

राहता राहिलं ‘या कामात राहावं का’. एका मीटिंगमधल्या एका वाक्यावर नोकरी सोडू नये. संपादकांकडे ते पान घेऊन जा आणि दोनेक महिने बघ. ते पान वापरात आलं, किंवा निदान रात्री तुझा फोन कुणी उचलायला लागलं, तर तिथेच राहा. तुझ्यासारखं माणूस रात्रपाळीवर असणं त्या जिल्ह्याला हवं आहे. पण तू हरकत घेतल्यावरही तुझ्याच लॉगिनवरून खात्री नसलेली बातमी टाकायला लावू लागले, तर हरकत मेलवर लेखी घे, मेलची प्रत स्वतःजवळ ठेव आणि दुसरीकडे अर्ज करायला लाग. मुलाखतीत मागची नोकरी का सोडली असं विचारतील, तेव्हा खरं कारण सांग. ते ऐकून ज्यांचा चेहरा पडेल, तिथे जाऊ नकोस.